ॲनेक्स, मधले दार आणि 20,250 पौंड: इंग्लंडमधील घरखरेदीवरील करसवलतीचे एक प्रकरण

इंग्लंडमध्ये घर विकत घेणाऱ्याला स्टँप ड्यूटी लँड टॅक्स, म्हणजेच एसडीएलटी, हा कर भरावा लागतो आणि तो फायनान्स ॲक्ट 2003 नुसार आकारला जातो. एकाच व्यवहारात एकाहून अधिक निवासस्थाने घेणाऱ्यांसाठी 19 जुलै 2011 पासून या कायद्यात ‘मल्टिपल ड्वेलिंग्ज रिलीफ’ नावाची सवलत, म्हणजे एमडीआर, घालण्यात आली. भाड्याने देण्यासाठी एकगठ्ठा घरे घेणाऱ्या गुंतवणूकदारांवर कराचा अवाजवी बोजा पडू नये, हा तिचा मूळ हेतू होता. परंतु कायद्याच्या मजकुरात गुंतवणूकदार अशी अट नव्हती, आणि त्यामुळे स्वतः राहण्यासाठी घर घेणारा, पण ज्याच्या घराला लागून किंवा घरातच एखादा ॲनेक्स, म्हणजे वेगळे राहता येईल असा जोडभाग, आहे असा खरेदीदारही ‘आम्ही दोन निवासस्थाने घेतली’ असे म्हणून दावा करू शकत होता. असे दावे फार वाढले आणि त्यांतले बरेच न टिकणारे होते. 6 मार्च 2024 च्या अर्थसंकल्पात ही सवलत बंद करण्याची घोषणा झाली आणि 1 जून 2024 पासून ती रद्द झाली. ज्यांचे खरेदीकरार 6 मार्च 2024 रोजी किंवा त्याआधी झाले होते, त्या व्यवहारांना तेवढी सूट राहिली. सवलत गेली, तरी तिच्यापोटी आधीच घेतलेल्या परताव्यांचे वाद मात्र पुढेही चालू राहिले, आणि पुढील प्रकरण त्याच प्रकारचे आहे.

प्रकरणातील कुटुंब अभ्यासासाठी कल्पिलेले आहे. कायद्यातील तरतुदी, करदर आणि मुदती खऱ्या आहेत, आणि घराची वैशिष्ट्ये अशा वादांत नेहमी आढळणारी अशीच निवडली आहेत.

व्यवहार

मूळचे पुण्याचे एक दांपत्य बरीच वर्षे स्लाव येथे स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होते. पत्नीची आई एकटी असल्याने तिला आपल्याजवळ आणावे, पण तिचा स्वयंपाक आणि देवघर वेगळे असावे, अशा विचाराने त्यांनी बकिंगहॅमशायरमधील एक घर 10,80,000 पौंडांना घेतले. व्यवहार 17 फेब्रुवारी 2023 रोजी पूर्ण झाला आणि त्याच दिवशी स्लावचा फ्लॅटही विकला गेला. पुण्यात पतीच्या नावावर आणखी एक फ्लॅट होता, आणि तो पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

मुख्य घर चार शयनकक्षांचे होते. आधीच्या मालकाने बाजूचे गॅरेज बदलून सुमारे 38 चौरस मीटरचा ॲनेक्स तयार केला होता. त्यात झोपण्याबसण्याची एक मोठी खोली, शॉवर आणि शौचालय, तसेच सिंक, दोन शेगड्यांचा हॉब आणि कपाटे असलेला स्वयंपाकाचा कोपरा होता. बाजूच्या बोळातून त्याला स्वतंत्र दार होते. मुख्य घराच्या युटिलिटी रूममधूनही आत जाणारे एक दार होते, ज्याला फक्त मुख्य घराच्या बाजूने कडी होती. बॉयलर एकच होता आणि तो मुख्य घरात होता. विजेचा मीटर आणि फ्यूजबोर्डही तिथेच, दिवाणखान्याच्या कपाटात होते. काउन्सिल टॅक्ससाठी, म्हणजे स्थानिक परिषदेच्या घरावरील करासाठी, ॲनेक्सची वेगळी नोंद नव्हती, आणि स्थानिक परिषदेच्या बांधकाम परवानगीत ‘मुख्य घराला पूरक म्हणूनच वापरावा’ अशी अट होती. एजंटच्या जाहिरातपत्रकात मात्र ठळक अक्षरांत ‘सेल्फ-कंटेन्ड ॲनेक्स’, म्हणजे स्वयंपूर्ण ॲनेक्स, असे छापले होते.

सॉलिसिटरने नेहमीच्या दराने 49,250 पौंड कर भरून 14 दिवसांच्या मुदतीत, म्हणजे 3 मार्च 2023 च्या आत, विवरणपत्र दाखल केले. पुढे जवळजवळ दहा महिने काहीच घडले नाही. मग एका करपरतावा एजन्सीचे पत्र आले, ज्यात ‘परतावा मिळाला तरच फी, आणि तीही परताव्याच्या 30 टक्के’ असा प्रस्ताव होता. दांपत्याने जाहिरातपत्रक आणि घराचा नकाशा पाठवला. एजन्सीचा कोणीही घर पाहायला आला नाही. 22 जानेवारी 2024 रोजी एजन्सीने विवरणपत्रात दुरुस्ती दाखल केली आणि मार्चमध्ये 20,250 पौंड खात्यात जमा झाले. त्यातून एजन्सीने 6,075 पौंड आणि त्यावरील 20 टक्के व्हॅटचे 1,215 पौंड, मिळून 7,290 पौंड घेतले, आणि दांपत्याच्या हाती 12,960 पौंड उरले.

आकडे कसे आले

महाराष्ट्रातील मुद्रांक शुल्काची सवय असलेल्या वाचकाला हा हिशेब सुरुवातीला विचित्र वाटेल, कारण तिकडे शुल्क बाजारमूल्याच्या सरसकट टक्केवारीने लागते आणि एकाच किमतीचे दोन भाग पाडले तरी एकूण आकडा बदलत नाही. एसडीएलटी मात्र टप्प्याटप्प्याने चढतो. 23 सप्टेंबर 2022 ते 31 मार्च 2025 या काळात पहिल्या 2,50,000 पौंडांवर शून्य, तिथून 9,25,000 पर्यंत 5 टक्के, मग 15 लाखांपर्यंत 10 टक्के आणि त्यापुढे 12 टक्के असे दर होते. एका घराच्या किमतीवर शून्य टप्पा एकदाच मिळतो. एमडीआरखाली दोन घरे मानली तर तो दोनदा मिळे, शिवाय किंमत विभागली गेल्यामुळे 10 टक्क्यांच्या टप्प्यात जाणारा भाग खालच्या टप्प्यात येई. सवलतीचे सारे बळ या विभागणीत होते.

10,80,000 पौंडांवर नेहमीचा कर असा येतो: 2,50,000 ते 9,25,000 यांमधील 6,75,000 पौंडांवर 5 टक्क्यांनी 33,750, आणि त्यावरील 1,55,000 पौंडांवर 10 टक्क्यांनी 15,500, एकूण 49,250. एमडीआरमध्ये दोन निवासस्थानांची सरासरी किंमत 5,40,000 धरली जाई. तिच्यावर 2,90,000 पौंडांचे 5 टक्के, म्हणजे 14,500 पौंड कर येतो, आणि दोनाने गुणल्यावर तो 29,000 होतो. मूळ किमतीच्या 1 टक्क्याहून कमी कर घेता येत नाही, अशी एक किमान मर्यादा होती. येथे ती 10,800 पौंड असल्याने तिचा अडसर आला नाही. फरक 20,250 पौंडांचा. ॲनेक्सची खरी किंमत घराच्या पाचव्या हिस्स्याइतकीही नसली, तरी सूत्र दोन समान भागच धरत असे, ही या सवलतीतील मोठी विसंगती होती, आणि ॲनेक्सधारकांना ती इतकी आकर्षक वाटण्याचे एक कारण हेही होते.

दोन घरे म्हटल्यावर उद्भवणारा दुसरा प्रश्न

एजन्सीच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नव्हता. दोन निवासस्थाने एकाच व्यवहारात घेतली, असे म्हटले की 1 एप्रिल 2016 पासून लागू असलेल्या जादा दराचा विचार करावाच लागतो. हा जादा दर त्या वेळी 3 टक्के होता आणि 31 ऑक्टोबर 2024 पासून तो 5 टक्के झाला. व्यक्तीने एकाच व्यवहारात दोन किंवा अधिक निवासस्थाने घेतली, तर तो संपूर्ण किमतीवर लागू होतो, आणि अशा वेळी ‘आम्ही आमचे जुने राहते घर विकून नवे घेतले’ हा बचाव चालत नाही. अपवाद आहे, तो दुय्यम निवासस्थानाचा: ॲनेक्स मुख्य घराच्याच इमारतीत किंवा आवारात असेल आणि किमतीचा किमान दोन-तृतीयांश भाग मुख्य घराला न्याय्य रीतीने लावता येत असेल, तर त्या ॲनेक्समुळे जादा दर लागत नाही.

या प्रकरणात ॲनेक्सचे क्षेत्रफळ 210 चौरस मीटरांपैकी 38 होते, त्यामुळे अपवाद सहज लागू झाला. पण मुद्दा किती धारदार आहे ते पाहावे. ॲनेक्स एक-तृतीयांशापेक्षा अधिक किमतीचा असता, तर प्रत्येक 5,40,000 पौंडांवर 14,500 अधिक 16,200 म्हणजे 30,700, आणि दोहोंवर मिळून 61,400 पौंड द्यावे लागले असते. हा आकडा सवलत न मागता एकच घर म्हणून भरलेल्या 49,250 पौंडांपेक्षाही मोठा आहे. म्हणजे ‘माझा ॲनेक्स स्वतंत्र घर आहे’ हे विधान मोठ्या ॲनेक्सच्या मालकाने केले, तर त्याने स्वतःवरच जादा कर ओढवून घेतला असता. अशी चूक लक्षात यायला वर्ष जाते, आणि तोवर कर, व्याज आणि दंड हे तिन्ही साठलेले असतात.

पुण्याच्या फ्लॅटचाही येथेच संबंध येतो. जादा दराच्या नियमांत खरेदीदाराचे इतर घर जगाच्या पाठीवर कुठेही असले, आणि त्यातील त्याच्या हिश्शाची किंमत 40,000 पौंड किंवा अधिक असली, तर ते मोजले जाते. पतिपत्नी एकत्र राहत असतील, तर एकाचे घर दुसऱ्याच्या खात्यातही धरले जाते. या दांपत्याने जुने राहते घर विकून नवे राहते घर घेतले, म्हणून पुण्याच्या फ्लॅटमुळे जादा कर लागला नाही. ते स्लावमध्ये भाड्याने राहत असते आणि हे त्यांचे इंग्लंडमधील पहिलेच घर असते, तर पुण्याच्या त्या फ्लॅटमुळे 32,400 पौंड जादा भरावे लागले असते. आईवडिलांनी सोयीसाठी सातबाऱ्यावर किंवा सोसायटीच्या भागपत्रावर मुलाचे नाव लावले आहे, आणि मुलाला आपण तिथले मालक आहोत याची आठवणही नाही, ही आपल्या घराघरांतली स्थिती आहे; इंग्लंडमधील सॉलिसिटरने ‘तुमचे इतर कुठे घर आहे का’ असे विचारले, की भारतातला तो कागद आठवून उत्तर द्यायला हवे.

चौकशी आणि निर्णय

विवरणपत्रातील दुरुस्तीची चौकशी एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याला, दुरुस्ती दाखल झाल्यापासून नऊ महिन्यांत सुरू करता येते. एचएमआरसीची पद्धत अशी होती, की दावा आला की पैसे आधी परत करायचे आणि खातरजमा नंतर करायची. त्यामुळे पैसे खात्यात आले याचा अर्थ दावा तपासून मान्य झाला असा होत नव्हता. आणि या दांपत्याचे पहिले गैरसमजाचे ठिकाण हेच होते. चौकशीचे पत्र 8 ऑक्टोबर 2024 रोजी आले, म्हणजे नऊ महिने पूर्ण होण्यास दोन आठवडे बाकी असताना.

वादाचा गाभा ‘निवासस्थान’ या व्याख्येत होता. कायद्यानुसार इमारत किंवा तिचा भाग हा ‘एकल निवासस्थान म्हणून वापरात असलेला किंवा वापरण्यास योग्य’ असावा लागतो. याचा अर्थ कसा लावायचा हे अप्पर ट्रिब्यूनलने, म्हणजे करवादांतील वरच्या न्यायाधिकरणाने, 2021 मधील एका निर्णयात सविस्तर सांगितले, आणि त्या निर्णयातील तथ्ये या घराशी बरीच जुळणारी होती: तिथेही ॲनेक्स मुख्य घराला आतून जोडलेला होता, फक्त तो एका बोळाने, आणि मध्ये दारच नव्हते. ट्रिब्यूनलने सांगितले, की योग्यता व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशीच्या प्रत्यक्ष स्थितीवरून ठरते; फेरफार केल्यावर जागा योग्य होऊ शकेल, एवढे पुरेसे नाही. खरेदीदाराचा हेतू महत्त्वाचा नाही. प्रत्यक्ष वापर विचारात घेता येतो, पण त्यावरून निकाल लागत नाही. राहणाऱ्याच्या मूलभूत गरजा, झोपणे, स्वच्छता आणि गोपनीयता यांसह, भागल्या पाहिजेत. शिवाय जागा सर्वसामान्य रहिवाशासाठी योग्य असली पाहिजे. केवळ नातेवाइकासारख्या विशिष्ट रहिवाशालाच चालेल अशी असेल, तर ते निवासस्थान ठरत नाही.

हे शेवटचे वाक्य या दांपत्यावर उलटले. त्यांचा सगळा युक्तिवाद ‘आई इथेच वेगळी राहते, तिचे दार वेगळे, तिचा स्वयंपाक वेगळा’ या वस्तुस्थितीवर उभा होता, आणि ती वस्तुस्थिती खरीही होती. पण आई मुलीच्या घरात वेगळी राहू शकते, म्हणून एखादा अनोळखी भाडेकरू तिथे त्याच समाधानाने राहील असे होत नाही. एचएमआरसीच्या अधिकाऱ्याने विचारलेले प्रश्न सरळ होते: मुख्य घरातील माणूस कडी काढून ॲनेक्समध्ये येऊ शकतो, तर ॲनेक्समधील भाडेकरू त्याला कसे अडवणार? रात्री फ्यूज उडाला तर तो मुख्य घराच्या कपाटापर्यंत कसा जाणार? हीटिंगचे तापमान कोण ठरवणार?

स्वयंपाकाच्या कोपऱ्याबाबत मात्र अधिकाऱ्याने फारसा आक्षेप घेतला नाही. सिंक, पाण्याची जोडणी आणि शेगडीची सोय होती, त्यामुळे त्या अंगाने ॲनेक्स पुरेसा होता. मला वाटते, परतावा-एजन्सींनी या विषयाची जी मांडणी केली तिचा दोष इथेच आहे. स्वयंपाकघर, बाथरूम आणि वेगळे दार या तीन गोष्टी असल्या की काम झाले, असे त्यांच्या पत्रांत सुचवले जाई; प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी असूनही मधल्या दाराच्या कडीवर दावे पडले, कारण दोन बाजूंचे रहिवासी एकमेकांपासून सुरक्षित आहेत की नाहीत, यावरच ‘एकल’ शब्दाचा भार आहे. ॲनेक्सच्या बाजूनेही कुलूप असते, निदान दाराच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र कड्या असत्या, तर हे प्रकरण कितीतरी बळकट झाले असते. पण ते कुलूप 17 फेब्रुवारी 2023 रोजी तिथे असायला हवे होते. दांपत्याने 2023 च्या उन्हाळ्यात आईच्या बाजूने कडी बसवली होती आणि तिचे छायाचित्रही पाठवले. त्या छायाचित्राचा उपयोग उलट त्यांच्या विरोधात झाला, कारण त्यावरून खरेदीच्या दिवशी ती नव्हती हे सिद्ध झाले.

बांधकाम परवानगीतील ‘पूरक वापर’ या अटीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सार्वजनिक कायद्यातील बंधन म्हणून ती अट ॲनेक्स स्वतंत्रपणे भाड्याने देण्यास आड येते, पण तेवढ्याने दावा फेटाळला जात नाही. ट्रिब्यूनलने अनेक घटक एकत्र तोलायचे असतात, आणि ही अट त्या तराजूत एक वजन टाकते. काउन्सिल टॅक्सचेही असेच. ॲनेक्सची वेगळी नोंद असती तर ती दाव्याला थोडा आधार देणारी ठरली असती, पण काउन्सिल टॅक्समधील कसोटी वेगळ्या हेतूसाठी असल्याने वेगळ्या नोंदीवर एसडीएलटीचा दावा एकट्याने उभा राहत नाही. आणि येथे तर तीही नव्हती. जाहिरातपत्रकातील ‘सेल्फ-कंटेन्ड’ या शब्दाला तर अधिकाऱ्याने एका ओळीत बाजूला केले: इस्टेट एजंट ॲनेक्सचे वर्णन विकण्यासाठी करतो.

मे 2025 मध्ये एचएमआरसीने चौकशी संपवल्याची नोटीस दिली आणि दावा नाकारला. 20,250 पौंड परत मागितले गेले, व्याजासह. व्याजाचा दरही 6 एप्रिल 2025 पासून बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा 2.5 टक्क्यांनी अधिक होता तो 4 टक्क्यांनी अधिक झाला, त्यामुळे उशीर महाग पडू लागला होता. निष्काळजीपणासाठी कराच्या 30 टक्क्यांपर्यंत, म्हणजे येथे 6,075 पौंडांपर्यंत, दंड लागू शकतो. दांपत्याने एजन्सीला नकाशा, जाहिरातपत्रक आणि परवानगीची प्रत दिल्याचे ईमेल दाखवले, आणि आपण काहीही लपवले नव्हते हे पटवून दिल्याने दंड लागला नाही. एजन्सीने मात्र फी परत करण्यास नकार दिला, कारण करारातील अट ‘परतावा मिळाल्यावर फी देय’ अशी होती आणि परतावा तर मिळाला होताच. चौकशीत उत्तरे देण्यासाठी एजन्सी पुन्हा वेगळी फी मागत होती. म्हणजे या प्रकरणातील खरा तोटा कराचा नव्हता. 20,250 पौंड तर परत गेले, पण 7,290 पौंड कधीच परत आले नाहीत.

पुढे काय करता आले असते

नोटीस दिल्यापासून 30 दिवसांत आधी एचएमआरसीकडे अपील करावे लागते; त्यानंतर पुनर्विचार मागता येतो किंवा ते अपील फर्स्ट-टियर ट्रिब्यूनलकडे, म्हणजे पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणाकडे, नेता येते. ट्रिब्यूनलला शुल्क नाही, आणि अशा प्रकरणांत सहसा हरल्यावर दुसऱ्या पक्षाचा खर्च द्यावा लागत नाही, त्यामुळे अपिलाचा धोका प्रामुख्याने स्वतःच्या वकिलाच्या फीपुरता असतो. कागदोपत्री दांपत्याजवळ मांडण्यासारखे काही होतेच: वेगळे दार, वेगळी मोरी, वेगळी शेगडी. पण ज्या दिवशी घर हातात आले त्या दिवशीच्या मधल्या दाराविषयी त्यांच्याकडे विक्रेत्याचे माहितीपत्र आणि सर्व्हेयरचा अहवाल यांशिवाय कोणताच पुरावा नव्हता. टीए6 नावाच्या त्या माहितीपत्रात विक्रेत्याने गॅरेजच्या बदलाबद्दल आणि परवानगीबद्दल लिहिले होते, कड्यांबद्दल नाही. खरेदीपूर्वी सर्व्हेयरने केलेल्या पाहणीच्या अहवालात युटिलिटी रूममधील दाराचे एक छायाचित्र होते, आणि त्यात कडी मुख्य घराच्या बाजूलाच दिसत होती.

त्या छायाचित्राकडे पाहिल्यावर सॉलिसिटरने अपील न करण्याचा सल्ला दिला आणि दांपत्याने तो मानला. आता रक्कम एकरकमी देण्याऐवजी हप्त्यांत देण्याची व्यवस्था त्यांनी एचएमआरसीशी केली आहे. व्याज त्या काळातही चढतेच. स्लावच्या फ्लॅटच्या विक्रीतून आलेले पैसे ॲनेक्सच्या नव्या खिडक्यांत गेले असल्याने त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आई अजूनही तिथेच राहते, आणि तिच्या खोलीच्या वापराबद्दल परिषदेने कोणताही प्रश्न उपस्थित केलेला नाही, कारण ‘पूरक’ वापर अगदी तसाच चालू आहे.